बाबांनी लावलेलं पोस्टर

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. नंतर सांगितलं तर मी ते नीटनेटकं करून टाकेन आणि मग ते खरं राहणार नाही. नॉटिंगहॅमच्या घराबद्दल मी क्रमाने लिहीत होते, आधी शाळा, मग शेजारी, मग आईचं गाडी शिकणं, आणि हे सगळं खूप पुढे यायचं होतं. पण आज सकाळी बाबांनी फॅमिली ग्रुपवर एस्टेट एजंटची लिंक टाकली. घर विकायला काढलंय हे मला माहीत होतं, फोटो पाहिले नव्हते. शेवटचा फोटो मागच्या खोलीचा. पांढरी स्वच्छ भिंत, एक भाड्याने आणलेला दिवा, आणि खाली लिहिलंय की भरपूर उजेडाची तिसरी बेडरूम. बाबांनी विचारलं, फोटो बरा आलाय ना? मी अंगठा पाठवला. आणि तेव्हापासून ऑफिसच्या जिन्यात बसून फोनवर हे टाइप करतेय, लंच तसाच पडलाय, त्यामुळे चुका होतील, त्या माफ करा. माझं मराठी तसंही घरात ऐकून आलेलं आहे, शाळेतलं नाही.

तर घर. रांगेतलं शेवटचं घर, म्हणजे एका बाजूला शेजारी आणि दुसऱ्या बाजूला नुसती उंच विटांची भिंत. ती भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. मग कधीतरी, व्हिक्टोरिया राणीचे दिवस संपत आले असताना, कुणीतरी त्या भिंतीला टेकवून एक जास्तीची खोली बांधली आणि बाहेरची भिंत आतली झाली. हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की मागची खोली कायम गार असते, तिथे लाकडी पॅनलिंग आहे, आणि आई तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवते कारण तो आमचा फुकटचा फ्रिज आहे. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. बॉयलर सुरू होताना भिंतीच्या आत कुणीतरी चमचा आपटतंय असं वाटायचं. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करायची, तिथून आली की कोट न काढताच कुकर लावायची, आणि शिट्टी झाली की शेजारच्या घरातला कुत्रा एकदा भुंकायचा, फक्त एकदा, हजेरी दिल्यासारखा. बाबांचा आवाज मात्र नसायचा. बाबा भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवायचं, झोपलेला असताना श्वासावर लक्ष ठेवायचं आणि परत उठवायचं, हे त्यांचं काम. कोविडच्या त्या वर्षांमध्ये त्यांनी व्हेंटिलेटरसाठी खूप लोकांना झोपवलं होतं आणि त्यातले बरेच उठले नव्हते. ते आम्हाला कधी काही सांगायचे नाहीत. घरी यायचे, हात धुवायचे, ताटातलं सगळं संपवायचे, छान झालंय म्हणायचे आणि खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघायचे. आई म्हणायची, अहो, लावू का काहीतरी? बाबा म्हणायचे, असू दे. मी तेव्हा ए-लेव्हल्सच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तुमच्या अकरावीला होते आणि केमिस्ट्री सोडून आर्ट घेतलं होतं. त्यावर घरात भांडण होईल म्हणून मी पूर्ण तयारी केली होती, मुद्दे पाठ केले होते. बाबा फक्त म्हणाले, बरं. मला भांडण हवं होतं. खरंच.

फेब्रुवारीच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मागच्या खोलीतला पाइप गळायला लागला. प्लंबरने दोन फळ्या काढल्या, पाइप बदलला, आणि जाता जाता म्हणाला की तुमच्या भिंतीवर जुना कागद आहे, ओल धरतोय, काढून टाका. मी टॉर्च घेऊन गेले. फळ्यांच्या मागे लाल रंग होता. असा लाल मी त्याआधी पाहिला नव्हता, मेंदीचा रंग अजून ओला असताना मधेच एखादी रेष चमकते ना, तसा, पण त्याहून उद्धट. मी तिसरी फळी ओढली. मग चौथी. मग आई ओरडत आली आणि मग आईनेच पाचवी ओढली, कारण आता लाल झग्याखालचा एक पाय दिसत होता आणि तिलाही त्याच्या वर काय आहे ते बघायचं होतं.

पूर्ण भिंतभर पोस्टर. नाटकाचं. अनेक मोठे कागद एकमेकांना जोडून केलेलं, माझ्या दुप्पट उंच. लाल झग्यातली एक बाई तुटलेल्या लाकडी पुलाला एका हाताने लटकतेय, खाली धबधबा, आणि काठावर उंच काळी हॅट घातलेला माणूस दोरी कापतोय, पण बघतोय मात्र आपल्याकडे, जणू आपणच त्याला सांगितलंय. त्याच्या खाली अक्षरं. प्रत्येक ओळ वेगळ्या जातीची, एक जाडी, एक उंच, एक तिरकी, सगळ्या एकदम ओरडतायत. नाटकाचं नाव, मग 'खरं पाणी', मग त्याहून मोठ्या अक्षरात 'खरा धबधबा', मग त्याहून मोठ्या अक्षरात 'दररोज रात्री'. आणि अगदी तळाला बारीक, शहाण्या अक्षरात, की कडेवरच्या मुलांना आत घेतलं जाणार नाही आणि खेळ सुटल्यावर शेवटची ट्रेन नक्की मिळेल. मी तिथेच फरशीवर बसले. मला आर्टच्या क्लासमध्ये सांगितलेलं सगळं, मोकळी जागा सोडा, दोनच फॉन्ट वापरा, संयम ठेवा, ते सगळं त्या भिंतीने एका झटक्यात उडवून लावलं. आज मी पोस्टरच डिझाइन करते, पोटापाण्यासाठी, मॅट्रेसची आणि कॉफीची, आणि अजूनही क्लायंट 'थोडं शांत करा' म्हणाला की मला ती बाई आठवते.

मी फोटो काढून आमच्या भागातल्या एका म्युझियमला पाठवले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या कन्झर्वेटरचा फोन आला, म्हणजे जुन्या कागदांची डॉक्टर म्हणा. तिचं नाव हेलन. ती फोनवरच धापा टाकत बोलत होती आणि मला एकदम बरं वाटलं, माझ्यासारखं कुणीतरी आहे म्हणून. तिने सांगितलं की अशी पोस्टरं उरतच नाहीत, कारण ती उरण्यासाठी नव्हतीच. आठवड्याने दुसरं नाटक आलं की पोस्टरं लावणारा माणूस बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन यायचा आणि जुन्यावरच नवीन डकवायचा. आमच्या भिंतीवर त्या लाल बाईच्या खाली अजून कितीतरी थर असतील, त्यामुळे पुठ्ठ्यासारखं जाड झालंय. खोली बांधली गेली तेव्हा जे सगळ्यात वर होतं, ते वाचलं. ती टीम घेऊन येणार होती, पण पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत रेडिएटर बंद, दार बंद, आणि हात लावायचा नाही.

आणि इथून ते सुरू झालं. एवढी वर्षं फळ्यांच्या मागे दमट अंधारात असलेल्या कागदाला आता हवा लागत होती, आणि तो वाळायला लागला. वाळला की आकसला, आकसला की कडा सुटल्या. मी सकाळी दार उघडायचे तर खाली काहीतरी पडलेलं असायचं. एकदा पुलाचा तुकडा. एकदा 'रात्री'तलं एक अक्षर. मी ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टिशूवर ठेवायचे. हेलनला फोन केला तर ती म्हणाली, खोलीत पाण्याचं भांडं ठेव, आणि खरं सांगू का, मी आज येऊ शकले असते तर आले असते. मी भांडं ठेवलं. मी दोन भांडी ठेवली. पापड वाळताना कसे वाकतात, तशी ती बाई एका बाजूने भिंतीपासून सुटून पुढे यायला लागली, आणि मी समोर बसून बघण्याशिवाय काही करू शकत नव्हते. श्वाससुद्धा हळू घेत होते.

तिथे एका संध्याकाळी बाबा आले. दारात उभे राहिले, कोट अंगात, ओळखपत्राचं लॅनयार्ड गळ्यात. मला वाटलं, जेवायला बोलवायला आलेत. ते पोस्टर वाचत होते. वरपासून खालपर्यंत, सावकाश. आणि मग त्यांनी घसा साफ केला आणि एकदम मोठ्या, गोल, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात मराठीतून सुरू केलं, की रसिकहो, येत आहे, येत आहे, खरं पाणी, खरा धबधबा, बायकांनी रुमाल आणावेत आणि पुरुषांनीही लाजू नये, कडेवरच्या मुलांना शेजारणीकडे ठेवून यावे. मी बघतच राहिले. स्वयंपाकघरातून आई आली, हातात झारा. बाबा थांबले आणि कानापर्यंत लाल झाले. आई मला म्हणाली, तुला सांगितलं नाही का कधी, हे कॉलेजात नाटकात होते. नाटकात म्हणजे काम करायला नाही, पोस्टरं लावायला. हे आणि सॅमसन भाऊजी.

सॅम काका म्हणजे बाबांचे मुंबईचे मित्र. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे मूळचे, आता लंडनमध्ये एजवेअरला राहतात, आणि त्यांच्या घरी नातवंडं इंग्लिशशिवाय काही बोलत नाहीत म्हणून मराठी बोलायला ते आमच्याकडे यायचे, असं ते स्वतःच म्हणायचे. बाबांनी त्यांना त्याच रात्री फोन केला. बाबा स्वतःहून कुणाला फोन करतायत हेच मी कित्येक महिन्यांनी पाहत होते. शनिवारी काका ट्रेनने आले, एका मोठ्या डब्यात मलिदा घेऊन, गोड पोहे, त्यात खोबरं आणि वेलची आणि वर सफरचंदाच्या फोडी, आणि आल्या आल्या बूट न काढता मागच्या खोलीत गेले. मग बाबांकडे वळून म्हणाले, "लेका, तू लोकांना भूल देतोस ते माहीत होतं. स्वतःला कधीपासून द्यायला लागलास? अशी बाई घरात आहे आणि मला आज सांगतोस?"

बाबा हसले. आवाज करून हसले. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे.

त्या रात्री जेवताना मटकीची उसळ होती आणि उसळीपेक्षा जास्त गोष्टी. दोघांनी मिळून कॉलेजच्या एकांकिकांची पोस्टरं हाताने रंगवायची, परळच्या एका गिरणीच्या लांबच लांब भिंतीवर लावायची, दुसऱ्या कॉलेजची मुलं मागून येऊन ती फाडायची, मग परत लावायची. सॅम काका शिडी धरायचे कारण त्यांना उंचीची भीती, आणि बाबा वर. एकदा पोलिस आला तर काकांनी शिडी सोडून पळ काढला आणि बाबा वरच लटकत राहिले, अगदी त्या बाईसारखे. काका म्हणाले, मी पळालो नाही, मी मदत आणायला गेलो. बाबा म्हणाले, पनवेलला? आई हसून हसून रडली. मी बाबांना प्रश्न विचारत राहिले आणि ते उत्तरं देत राहिले, रंग कुठला, अक्षरं कशी आखायचात, ब्रश कसला. मी विचारलं की मग सोडलं का? ते म्हणाले, सोडलं कुठे, एमबीबीएसचं तिसरं वर्ष आलं. आणि मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, तू आर्ट घेतलंस ते बरं केलंस. एवढंच. मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आनंदाने.

रविवारी सकाळी मला वास आला. मैदा शिजल्याचा. खाली आले तर बाबा गॅसपाशी, आईचा सगळ्यात मोठा टोप घेऊन, खळ ढवळत होते. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळ्या बोटांनी मोडायच्या, उकळत्या पाण्यात धार धरायची आणि हात थांबवायचा नाही, पांढरं जाऊन काचेसारखं दिसेपर्यंत. मुंबईत त्यात मोरचूद टाकायचे, उंदीर खाऊ नयेत म्हणून. ते नव्हतं म्हणून आईचं दातदुखीचं लवंगेचं तेल. सॅम काका टेबलावर बसून कॉमेंट्री करत होते. बाबांच्या बाह्या वर सरकवलेल्या, चष्म्यावर वाफ, आणि ते गुणगुणत होते. मला माझा बाप पहिल्यांदा दिसत होता असं लिहिलं तर ते फिल्मी वाटेल, पण काय करू, तसंच होतं.

मी म्हटलं, "बाबा, हेलनने सांगितलंय हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतोय? ब्रश लावतोय."

मी परत म्हटलं. तर त्यांनी मला ढवळता ढवळता सगळं समजावलं, पेशंटच्या नातेवाइकांना समजावतात तसं शांतपणे. ती हेलन दहा दिवसांनी येणार. तोपर्यंत हे सगळं खाली येणार, तू रोज डब्यात भरते आहेस. हे मूळ लावलंय कशाने? पिठाच्या खळीनेच. बादली, लांब ब्रश, पीठ, पाणी. तो माणूस आणि आम्ही एकच काम करायचो, फक्त गाव वेगळं. सुटलेल्या कडा परत बसवायच्या, बास. आणि मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. त्यात चूक काय होती ते मला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही.

आणि काय सुंदर बसवलं त्यांनी. सॅम काका दोन बोटांनी कड धरायचे, बाबा पातळ ब्रशने मागे खळ भरायचे, मग कोरड्या फडक्याने मधून बाहेरच्या बाजूला हलकेच दाबायचे. एक बुडबुडा नाही. पुढे आलेली बाई मागे गेली, पूल सरळ झाला, हॅटवाल्याचा कान परत डोक्याला चिकटला. मी फोनवर व्हिडिओ काढत होते. तो व्हिडिओ आहे माझ्याकडे, मी तो मधेच बंद करते. कारण यानंतर बाबा दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आता वरून एक हात."

मुंबईत पोस्टर लावलं की वरूनही खळीचा हात मारायचा. मारला नाही तर काम अर्धं. ऊन लागतं, कडा उठतात, दुसऱ्या मंडळाची पोरं नखाने सोलतात. वरून हात मारलेलं पोस्टर भिंतच होऊन जातं. मी विचारलं, इथे कोण सोलायला येणार आहे? काका म्हणाले, तुझी आई, स्प्रिंग क्लीनिंगला. आम्ही सगळे हसलो आणि बाबांनी मोठा ब्रश टोपात बुडवून बाईच्या खांद्यापासून खालपर्यंत एक लांब, सरळ, सराईत हात मारला. इतका सुंदर हात. चाळीस वर्षांत विसरले नव्हते.

झगा चमकला. म्हणजे खरंच, ओल्याने रंग उजळला, आणि मी आ वासला, इतका भारी दिसत होता तो. मग झग्याच्या खालच्या कडेला एक थेंब आला. लाल. तो धबधब्यावरून खाली गेला आणि 'खरं पाणी'वरून अजून खाली. बाबा म्हणाले, धूळ असेल, वरची. फडक्याने टिपलं तर फडकं लाल आणि मागे फिकट गुलाबी डाग. मग दुसरा थेंब, मग पाच, मग ते थेंब राहिलेच नाहीत. बाबांनी टिपणं थांबवलं. आणि तेवढ्यात एक आवाज आला, ओल्या चपलेतून पाय काढताना येतो तसा. आतले सगळे थर पाणी पिऊन फुगले होते. तो अख्खा जाड पुठ्ठा, लाल बाई आणि तिच्या पाठीमागची सगळी नाटकं, वरून सुटून पुढे झुकत होता.

बाबांनी दोन्ही हात लावले. काकांनी लावले. मी फोन फेकला आणि हात लावले. आई काय झालं म्हणून आली आणि काही न विचारता तिनेही खालच्या बाजूला हात लावले, हाताला कणीक तशीच. आणि आम्ही चौघं तसेच उभे राहिलो, तळवे पसरून, भिंतीला टेकून, बंद पडलेली गाडी धक्का देऊन सुरू करायची असते तसे. हात हलवला तर त्या जागी कागद तळव्याबरोबर यायचा. दाबलं तर लाल बोटांच्या मधून निघायचं. दाबलं नाही तर सगळं खाली. काका म्हणाले, जरा वेळ धरू, ओढून घेईल भिंत. आईने विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, हेलनला फोन लावा. फोन फरशीवर होता, माझ्या पायापासून हातभर, व्हिडिओ अजून चालू. आईने पायाच्या अंगठ्याने तो ओढला आणि एक हात सोडून, कोपर आणि डोकं भिंतीला लावून, कसाबसा नंबर लावला. रविवार होता. व्हॉइसमेल. मी त्या व्हॉइसमेलवर काय बोलले ते मला आठवत नाही, पण नंतर हेलनने सांगितलं की मी फक्त, धरून ठेवलंय, आम्ही धरून ठेवलंय, एवढंच म्हणत होते.

बॉयलर सुरू झाला, भिंतीत चमचा वाजला. काकांनी पाय आणखी रोवले. ते म्हणाले, "मी या वेळी पळणार नाही हां," आणि कुणी हसलं नाही, ते स्वतःही नाही. माझा गाल कागदाला टेकला होता आणि अगदी जवळून मला दिसत होतं की बाईचा चेहरा रेषांचा नाहीच, नुसत्या बारीक बारीक ठिपक्यांचा आहे, आणि एकेक ठिपका पसरून शेजारच्यात जातोय. मी बाबांकडे बघितलं. ते कागदाकडे बघत नव्हते. डोळे मिटून, मान एका बाजूला करून, हाताखाली काय चाललंय ते नुसतं जाणत होते. मी त्यांना कामावर कधी पाहिलेलं नाही. पण ते तिथे असेच उभे राहत असणार, हे मला तेव्हा कळलं.

मग ते म्हणाले, "सोडूया."

मी म्हटलं, नाही. मी म्हटलं, बाबा, अजून थोडं.

"मिनू. सोडायचं आता."

आवाज अगदी साधा होता. सगळ्यात आधी आईने हात काढला, मग काकांनी. मग बाबांनी माझी मनगटं धरली आणि माझे हात उचलले. ते पोस्टर लगेच पडलं नाही. क्षणभर तसंच राहिलं. मग वरून घडी पडत पडत, हळू, सगळं एकदम, खाली येऊन आमच्या पायांवर बसलं. भिंतीवर नुसत्या विटा.

बाबांनी कुणाला मदत करू दिली नाही. आईने त्यांना खुर्ची आणून दिली ती त्यांनी वापरली नाही, गुडघ्यावर बसून थर सोडवायचा प्रयत्न करत राहिले, पण ते सगळं कणकेसारखं एकजीव झालं होतं. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मिनू, मला वाटलं... आणि परत मान खाली घातली. मी म्हटलं, इट्स ओके, बाबा. इंग्लिशमध्ये म्हटलं. मराठीत मला ते म्हणता आलं नसतं, कारण मराठीत ते खोटं आहे हे लगेच कळलं असतं. मला किंचाळायचं होतं. मला म्हणायचं होतं की मी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. पण त्यांच्या कोपरापर्यंत लाल होतं, चष्म्यावर लाल होतं, आणि सकाळी गुणगुणणारा माणूस अजून पूर्ण गेला नव्हता, दारातच उभा होता, आणि मी एक शब्द चुकीचा बोलले असते तर तो निघून गेला असता. मी नाही बोलले. तो तरीही गेला.

हेलन मंगळवारीच धावत आली. बाबांनी सुट्टी काढली होती. त्यांनीच दार उघडलं, त्यांनीच सांगितलं, मी केलं. ती विटांसमोर जाऊन उभी राहिली. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की खळ बरोबर होती, आम्हीही गव्हाचीच वापरतो. वरून हात मारायचा हेही बरोबर, इथले लोकही तसंच करायचे, तुम्ही अगदी त्यांच्यासारखंच केलंत. फक्त तेव्हा तो लाल रंग नवा होता. बाबा मान हलवत होते, डॉक्टर डॉक्टरचं ऐकतो तसे, आणि तिच्यासाठी चहा करताना त्यांनी दूध दोनदा घातलं. मी आइस्क्रीमचा डबा तिला दिला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, हे खूप आहे. ते खूप नव्हतं हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. बाबांच्या नखांच्या कडांना लाल राहिलं होतं, ते घासून घासून हॉस्पिटलला जायचे. ते जायला किती दिवस लागले मला माहीत नाही, मी बघणं बंद केलं होतं.

इस्टरला बाबांनी एकट्याने त्या भिंतीला प्लास्टर केलं आणि पांढरा रंग दिला. सॅम काका नंतरही यायचे, मलिदा आणायचे, पण नाटकाचा विषय कुणी काढला नाही. काकांनी एकदा काढायचा प्रयत्न केला, पनवेलचा किस्सा, तर बाबा म्हणाले, असू दे रे. तेव्हा मला वाटायचं, मी त्या पोस्टरसाठी रडतेय. म्युझियममध्ये गेले की अशी पोस्टरं काचेमागे दिसतात, मी बघते, छान असतात, आणि मला काहीही होत नाही. मला होतं ते मैद्याचा वास आला की. आई व्हाइट सॉस करते तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते. एवढी वर्षं मी बाबांना सांगू शकले नाही की मला ते पोस्टर नको होतं, म्हणजे हवं होतं, पण ते परत मिळण्यापेक्षा ती रविवारची सकाळ परत मिळाली तर मी तीच मागेन, टोप, वाफ, पनवेल, आणि तो वरून मारलेला हातसुद्धा. रोज फोन करतो आम्ही. जेवलात का, थंडी आहे का, एवढंच होतं. हे वाक्य तोंडापर्यंत येतं, पण ते म्हणायचं तर आधी त्या भिंतीचं नाव काढावं लागेल, आणि नाव काढलं की ते परत तिथे गुडघ्यावर बसतील.

म्हणून तुम्हाला विचारतेय, जिन्यात बसून, घाईघाईत. तुमच्या घरी असं झालंय का? तुमच्यासाठीच, तुमच्या प्रेमापोटी, कुणी तुमची सगळ्यात आवडती गोष्ट त्यांच्या हाताने संपवली, आणि तुम्हाला रागावताही आलं नाही आणि माफही करता आलं नाही, कारण माफी म्हटलं की चूक आलीच? झालं असेल तर सांगा मला. तुम्ही नंतर त्यांच्याशी बोललात का? आणि पहिला शब्द कुठला होता?